साक्षीदार कवट्या

मालवणच्या बाजारात बांगडा घेताना आम्ही त्याचे कल्ले बघतो, खापरपणजोबा विचारत नाही. लग्नाच्या जाहिरातीत मात्र आधी कूळ, मग माणूस. अशा वेळी आम्हाला इरावती कर्वे आठवतात.

जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीचे. मुंबईत डॉ. घुर्यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. गुरू मिळाले ऑयगेन फिशर, वंशशुद्धीचे पंडित, पुढे नाझींच्या कामी आलेले. गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच निराळी, म्हणून त्यांची बुद्धी थोर, हे शिष्येने सिद्ध करावे अशी गुरुजींची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसला वंशभेद निघत नाही असे सरळ लिहून दिले. साक्षीदार कवट्याच होत्या, फुटणार कशा?

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी जातीजातींची मापे घेतली. १९६८ मध्ये मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजाती तपासल्या, तर त्याही एका रक्ताच्या निघेनात!

आमची तक्रार एवढीच, की बर्लिनमध्ये वंशाला घेतलेली उलटतपासणी त्यांनी इथल्या उतरंडीची तितक्या कडकपणे घेतली नाही. ती बाबासाहेबांनी १९३६ मध्येच घेतली होती. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर नाकांची मापे मांडून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे त्यांनी दाखवले.

इरावतीबाई १९७० मध्ये गेल्या. जाहिरातीत नाकीडोळी नीटस अजून मागतात. पट्टी घेऊन मात्र कोणी येत नाही.