टेबलवाला कॉड

डीबीएमएसच्या व्हायवासाठी कॉडचे बारा नियम आपण सगळेच घोकतो. (शून्यापासून मोजले तर ते तेरा भरतात, पण ते असो.) मी या माणसाकडे वळलो ते मात्र वेगळ्या कारणाने. प्रोजेक्टसाठी एकाच मशीनवर पोस्टग्रेसच्या १२ आणि १६ अशा दोन आवृत्त्या हव्या होत्या. दोघींना वेगळी डेटा डिरेक्टरी आणि वेगळा पोर्ट दिला, एकीला ५४३२ आणि दुसरीला ५४३३, की त्या सुखाने शेजारी नांदतात. पण १२ ची डेटा डिरेक्टरी १६ ला दिली, तर सर्व्हर सुरूच व्हायला तयार नाही! आणि तोच डेटा डम्प करून नेला, तर सगळी टेबलं सुखरूप पलीकडे. याचं मूळ शोधत गेलं की कॉडच भेटतो.

एडगर कॉडचा जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र, महायुद्धात हवाई दलात वैमानिक, १९४९ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएममध्ये प्रोग्रॅमर. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीने कम्युनिस्ट हुडकण्याचा धुमाकूळ घातला, तेव्हा वैतागून हा गडी १९५३ मध्ये सरळ कॅनडात निघून गेला. १९५७ मध्ये परतला आणि आयबीएमच्या स्ट्रेच संगणकावर एका अवघड प्रश्नाला भिडला: एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम एकमेकांना धक्का न लावता कसे चालवायचे? आज आपण दोन सर्व्हर शेजारी ठेवतो, त्यामागे हेच काम आहे. चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठातून पीएचडीही केली.

खरा धमाका १९७० चा. तोवर डेटा कुठे आणि कसा ठेवलाय हे प्रोग्रॅमला माहीत असावं लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅम कोसळला. कॉडने पेपर लिहिला: डेटा टेबलांत मांडा, प्रोग्रॅमने फक्त काय हवं ते सांगावं, डिस्कवरची जागा सांगू नये. पण आयबीएमचा धंदा आयएमएस या जुन्या पद्धतीच्या डेटाबेसवर चालला होता, त्यामुळे घरातच थंडा प्रतिसाद. सिस्टीम आर हा प्रयोग उशिरा सुरू झाला. तिथे जन्मलेली एसक्यूएल कॉडची नव्हे, आणि तिच्यावर तो अखेरपर्यंत नाराजच होता. तिकडे बर्कलीत तोच पेपर वाचून इन्ग्रेस उभं राहिलं; आपलं पोस्टग्रेस त्याचंच वंशज. १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आलं, आयबीएमच्या आधी. मला तरी यात कॉडवर मोठा अन्याय दिसतो. १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये फ्लोरिडात तो वारला.

आता डम्पचं कोडं सुटतं. डेटा डिरेक्टरीत त्या आवृत्तीची डिस्कवरची खासगी मांडणी असते. साध्या डम्पमध्ये असतात फक्त टेबलं बनवायच्या आज्ञा आणि ओळी, म्हणजे कॉडच्या आठव्या नियमातला, साठवणीपासून मोकळा झालेला डेटा. पोस्टग्रेस १२ चे अपडेट २०२४ मध्ये बंद झालेत, तेव्हा कुणाला हलायचं असेल तर डम्प १६ सोबत आलेल्या पीजी-डम्पने काढा, १२ च्या नको.