एका डागामुळं फाउंटन पेन जन्माला आलं म्हणतात, पण वॉटरमनची खरी गोष्ट कर्जाची आहे

शाईचं पेन वापरलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक शर्ट असतो. खिशाच्या तळाशी निळा गोल डाग पडलेला. आईनं लिंबू चोळलं, मीठ लावलं, दुधात भिजवलं, पण डाग काही गेला नाही. शेवटी तो शर्ट घरात घालायला काढला.

फाउंटन पेनचा इतिहासही अशाच एका डागापासून सुरू झाला, असं सांगितलं जातं. ती गोष्ट तुम्ही कुठंतरी वाचलीही असेल.

साल 1883, शहर न्यूयॉर्क. लुईस वॉटरमन नावाच्या एका विमा एजंटनं मोठं गिऱ्हाईक पटवलं होतं. करार टेबलावर होता, सहीसाठी खास नवं पेन घेतलेलं होतं. गिऱ्हाइकानं पेन हातात घेतलं आणि पेननं सगळी शाई कागदावर ओकली. वॉटरमन दुसरा कागद आणायला पळाला आणि परत येईपर्यंत दुसऱ्याच एजंटनं सही घेऊन टाकली होती. चिडलेल्या वॉटरमननं ठरवलं की, आता न गळणारं पेन आपणच बनवायचं.

गोष्ट एकदम भारी आहे. अडचण एवढीच की ती घडल्याचा पुरावा नाही.

पेनांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा या गोष्टीचा माग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कंपनीच्या जाहिरातींपाशी जाऊन थांबला. म्हणजे ती गाजली तेव्हा ती खरी की खोटी हे सांगायला वॉटरमन हयातच नव्हता.

मग खरा वॉटरमन कोण होता?

सुतार, मास्तर आणि पुस्तकं विकणारा

लुईस एडसन वॉटरमनचा जन्म नोव्हेंबर 1837 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डिकेटर या छोट्या गावात झाला. शिक्षण जेमतेम झालं. पोरवयातच तो घरच्यांबरोबर इलिनॉयला गेला. तिथं त्यानं सुतारकाम केलं, शाळेत शिकवलं, पुस्तकं विकली आणि शॉर्टहँडचे धडेही दिले.

विम्याचं काम त्यानं केलं होतं, हे मात्र खरं. 1860 च्या दशकात तो बॉस्टनमध्ये विमा एजंट होता. पण डागाची गोष्ट ज्या वर्षात सांगितली जाते, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम. जाहिरात लिहिणाऱ्यानं एक खरा धागा घेतला आणि त्याभोवती अख्खं कापड विणलं.

एवढी कामं करूनही एकाही धंद्यात त्याचं नाव झालं नव्हतं. वयाची चाळिशी उलटली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर, घरच्यांनी आता तरी सेटल हो म्हणावं असा हा माणूस होता.

पेनं आधीही होती, पण त्यांचा भरवसा नव्हता

आणखी एक गैरसमज दूर करू. फाउंटन पेनचा शोध वॉटरमननं लावला नाही. पोटात शाई भरलेल्या पेनची पेटंटं त्याच्या जन्माआधीपासून निघत होती. पेट्राचे पोएनारू या रोमानियन माणसाला फ्रान्समध्ये असं पेटंट 1827 सालीच मिळालं होतं. 1870 च्या दशकात अमेरिकेत स्टायलोग्राफिक पेनंही आली होती. त्यांना निब नसायची, टोकाला बारीक नळी आणि तिच्यात तार असायची.

अडचण वेगळीच होती. ही पेनं एक तर लिहिता लिहिता कोरडी पडायची, नाहीतर भसकन शाई टाकायची. त्यामुळं बहुतेक लोक दौत आणि टाकच वापरत होते. दोन-चार शब्द लिहायचे, टाक दौतीत बुडवायचा, पुन्हा दोन-चार शब्द. कटकट होती, पण भरवशाची.

हे असं का व्हायचं, ते समजायला स्वयंपाकघरात जाऊ.

तेलाचा डबा आणि समईची वात

पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर काय होतं? तेल धड येत नाही. थोडं येतं, थांबतं, मग एकदम गुडगुड करत सांडतं. म्हणून घरातली मोठी माणसं दोन भोकं पाडायला सांगतात. एकातून तेल बाहेर येतं आणि दुसऱ्यातून हवा आत जाते.

पेनचंही हेच आहे. पेनच्या पोटातून शाई बाहेर आली की तिच्या जागी तेवढीच हवा आत जायला हवी. हवा गेली नाही तर शाई अडते आणि पेन कोरडं पडतं. हवेचा मोठा बुडबुडा एकदम आत घुसला तर तितकीच शाई बाहेर पडते आणि कागदावर डाग पडतो.

वॉटरमननं निबेखालच्या पट्टीवर काम केलं. तिला फीड म्हणतात. निबेखाली चिकटून बसलेली ती काळी जीभ. या पट्टीत त्यानं एक खाच ठेवली आणि खाचेच्या तळाला आणखी बारीक चिरा पाडल्या. समईच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं, तशी शाई या अरुंद चिरांतून स्वतःच ओढली जाते आणि निबेपर्यंत पोचते. मोकळ्या राहिलेल्या वाटेनं हवा थोडी थोडी वर जाते. जितकी शाई कागदावर, तितकीच हवा पोटात.

12 फेब्रुवारी 1884 रोजी त्याला या रचनेचं अमेरिकन पेटंट मिळालं. क्रमांक 293545. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला दुसरं पेटंट मिळालं. तेव्हा वॉटरमनचं वय होतं 46.

सिगारच्या दुकानातला कोपरा

पेटंट मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. वॉटरमनकडं कारखाना नव्हता. न्यूयॉर्कमधल्या एका सिगारच्या दुकानाच्या मागच्या भागात त्यानं बस्तान मांडलं. पेनं हातानं जुळवायची आणि तिथंच विकायची.

पेनचं नाव ठेवलं आयडियल, आणि हमी दिली पाच वर्षांची. गळक्या पेनांना वैतागलेल्या लोकांसाठी ही मोठी गोष्ट होती, कारण पेन बिघडलं तर जायचं कुठं आणि कुणाकडं, हे त्यांना आता माहीत होतं. मासिकांमधून जाहिराती आल्या, मागणी वाढली. पण धंदा वाढवायला भांडवल लागतं, आणि खरी गोष्ट इथं सुरू होते.

पेटंट बायकोच्या नावावर, मग गहाण

पेटंट मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 13 फेब्रुवारी 1884 ला, वॉटरमननं ते पत्नी सारा हिच्या नावावर करून दिलं. 20 नोव्हेंबरला सारानं त्याला पेनं बनवण्याचा आणि विकण्याचा परवाना दिला. अट अशी की, दर पेनामागं 25 सेंट तिला द्यायचे.

यानंतर पाचच दिवसांनी, 25 नोव्हेंबरला, तेच पेटंट असा एल. शिपमन्स सन्स या पेढीकडं गहाण पडलं. कर्ज होतं 6,500 डॉलरचं, मुदत तीन वर्षांची.

म्हणजे ज्या शोधावर सगळा धंदा उभा होता, त्याची कागदोपत्री मालकी शोध लावणाऱ्याकडं नव्हतीच.

याचा फटका पुढं बसला. मॅकेन्झी आणि मर्फी हे दोघं आपल्या पेटंटची नक्कल करतात, असं म्हणत वॉटरमननं त्यांच्यावर खटला भरला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. 1891 मध्ये कोर्टानं निकाल दिला. तुझ्याकडं फक्त परवाना आहे, मालकी नाही, गहाणखतामुळं ती सावकाराकडं गेली आहे, त्यामुळं हा दावा तुला लावता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

वॉटरमन हरला. त्याच्या पेनची कुणी नक्कल केली की नाही, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

वॉटरमन विरुद्ध मॅकेन्झी हा निकाल अमेरिकेत आजही सांगितला जातो. पेटंट विकणं आणि पेटंट वापरायचा परवाना देणं यात फरक काय, हे समजावताना वकील त्याचा दाखला देतात. पेनवाल्या माणसाचं नाव कायद्याच्या पुस्तकात गेलं ते असं, हरून.

तरी धंदा बुडाला नाही

कोर्टात हरला तरी वॉटरमन बाजारात जिंकत होता. त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि पेनं अमेरिकेबाहेर जाऊ लागली. 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात वॉटरमन पेनला सुवर्णपदक मिळालं. 1 मे 1901 रोजी वॉटरमन गेला. वय होतं 63. आयुष्यातली शेवटची सतराच वर्षं त्याला पेनवाला म्हणून मिळाली.

त्याच्यामागं पुतण्या फ्रँकनं कंपनी आणखी मोठी केली. पुढं 1925 मध्ये हा फ्रँक न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढला आणि हरला. पण पेनच्या बाजारात त्यांचं नाव पक्कं झालं होतं. डागाची गोष्ट जगभर पसरली ती याच काळात. कर्ज, गहाणखत आणि हरलेला खटला यांवर जाहिरात कशी करणार? डागावर करता येते. डाग प्रत्येकाच्या शर्टाला पडलेला असतो.

पुढं बॉलपेन आलं आणि 1958 मध्ये अमेरिकेतल्या वॉटरमन कंपनीचा मोठा हिस्सा घेतला तो बिकनं, म्हणजे स्वस्त बॉलपेनसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीनं. वॉटरमन हे नाव मात्र फ्रान्समध्ये टिकलं. आजही त्या नावाची पेनं मिळतात.

आता तुमच्या हातातलं पेन

वॉटरमनचं महागडं पेन तुम्ही घ्यायची गरज नाही. शे-दोनशे रुपयांचं साधं शाईचं पेन उघडून बघा. निबेखाली ती खाचेची पट्टी दिसेल. रचना बरीच सुधारली आहे, पण शाई खाली आणि हवा वर हे सूत्र तेच आहे. महाग पेनमध्ये जास्तीचे पैसे बरेचदा सोन्याची निब, बाहेरची सजावट आणि नाव यांचे असतात. रोजच्या लिहिण्याला स्टीलची निब पुरते.

हे सूत्र लक्षात ठेवलं की पेन निवडणं आणि सांभाळणं सोपं जातं.

घेताना निब आणि फीड एका रेषेत आहेत का, मध्ये फट नाही ना, ते बघा. दुकानदार देत असेल तर चार ओळी लिहून पाहा. साध्या वहीच्या कागदावर शाई पसरते, म्हणून बारीक निब घ्या. रोज भरपूर लिहिणार असाल तर दरवेळी नवं कार्ट्रिज घेण्यापेक्षा बाटलीतली शाई भरता येईल असं पेन स्वस्त पडतं.

शाई फाउंटन पेनचीच वापरा. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई त्या बारीक चिरांत वाळून बसते आणि पेन कायमचं बंद पडू शकतं. काही दिवस लिहिणार नसाल तर पेन रिकामं करून साध्या थंड पाण्यानं धुवून ठेवा. गरम पाणी नको.

ड्रॉपरनं भरायचं पेन असेल तर शाई अगदी तळाला जाईपर्यंत थांबू नका. शाई कमी म्हणजे आत हवा जास्त. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते. लोकांना वाटतं पेन भरलेलं असताना गळतं. खरं तर रिकामं होत आलेलं पेनच जास्त दगा देतं.

आणि खिशात ठेवताना टोपण घट्ट, निब वरच्या बाजूला.

एवढं केलंत तर खिशाला डाग पडणार नाही. पडलाच, तर तो डाग दाखवून कुणाला वॉटरमनची गोष्ट सांगाल तेव्हा गहाणखताची सांगा. ती खरी आहे.