जॉन म्यूर

जॉन म्यूर यांचा जन्म १८३८ सालीं स्कॉटलंडांत झाला. अकराव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले. १८६७ सालीं कारखान्यांत डोळ्यास इजा होऊन त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. ती परत येतांच त्यांनीं यंत्रें सोडलीं व १८६८ सालीं कॅलिफोर्नियांतील योसेमिटी खोरें गांठलें. तेथील धबधबे, तळीं व दऱ्या पायीं हिंडून त्यांनीं लेख लिहिले. लोकमत जागें झालें आणि १८९० सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें. त्यांतीलच हेच हेची खोरें धरणाखालीं बुडूं नये म्हणून ते अखेरपर्यंत झगडले. परंतु १९१३ सालीं धरणास मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. एक खोरें गेलें. बाकीच्या वाटा आजही पायीं जाणाऱ्यांस मोकळ्या आहेत. त्यांचे श्रम आम्ही व्यर्थ म्हणत नाहीं.