ध्येयवाक्य आणि ताळेबंद

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात आरंभीच कंपनीचे उदात्त ध्येय छापलेले असते. या ध्येयाचा नफ्याशी संबंध काय, हे जाणू इच्छिणाऱ्याने रॉबर्ट ओवेनचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

१७७१ साली वेल्समधील न्यूटाउन येथे एका खोगीरकाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षीच कापडाच्या दुकानात उमेदवारीस लागला. १८०० च्या आरंभी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांचा कारभार त्याच्या हाती आला. मनुष्याला परिस्थिती घडविते, ती सुधारली की मनुष्यही सुधारतो, ही त्याची श्रद्धा होती. तीस अनुसरून त्याने दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे थांबविले आणि कामगारांसाठी रास्त दराचे दुकान चालविले. तरीही कामगार साशंकच राहिले. पुढे अमेरिकेने निर्यात रोखल्याने कापूस महागला व गिरण्या चार महिने थांबल्या. त्या काळात ओवेनने सात हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्चून पूर्ण वेतन दिले, तेव्हा कोठे त्यांचा संशय फिटला.

भागीदारांना मात्र असले खर्च रुचेनात. वस्तुतः त्यांच्याबरोबरच्या शेवटच्या चार वर्षांत, भांडवलावरील व्याज वजा जाता, दीड लाख पौंडांहून अधिक नफा झाला होता. अखेर १८१३ च्या शेवटी झालेल्या लिलावात जेरेमी बेंथमप्रभृती नव्या भागीदारांसह ओवेनने गिरण्या १,१४,१०० पौंडांस घेतल्या. भांडवलावर पाच टक्के घ्यावे आणि उरलेला नफा शिक्षणादी लोकहितार्थ वेचावा, असे ठरले. १८१६ मध्ये तेथे कामगार व त्यांची मुले यांच्यासाठी शिक्षणसंस्था उघडली.

हा नफा केवळ सदिच्छेतून आला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. क्लाइड नदीची जलशक्ती, सुताची प्रत आणि कडक देखरेख यांचाही त्यात वाटा होता. प्रत्येक कामगाराच्या जागी टांगलेला रंगीत ठोकळा त्याच्या आदल्या दिवसाच्या वर्तनाची साक्ष देई. उलट १८२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना प्रांतात ओवेनने वसविलेल्या न्यू हार्मनी वसाहतीत ध्येय अधिकच उंच होते. पण तेथे कुशल हातांची वाण होती आणि व्यवस्थाही ढिली होती. दोन वर्षांतच ती वसाहत मोडली व ओवेनच्या संपत्तीचा मोठा भाग तीत बुडाला. १८५८ मध्ये जन्मगावीच त्याचे निधन झाले.

ध्येय कारभाराची उणीव भरून काढीत नाही आणि ध्येयासाठी केलेला खर्च नफा बुडवितोच असेही नाही, हे ओवेनच्या आयुष्यावरून दिसते. म्हणून अहवाल वाचताना एकच पाहावे : ज्या वर्षी धंदा मंदावला, त्या वर्षी जाहीर केलेल्या ध्येयापोटी कंपनीने कोणती झीज सोसली? ध्येयवाक्याची कसोटी हीच होय.