बाबासाहेबांची वकिली : परळच्या चाळीपासून मसुदा समितीपर्यंत

दरवर्षी १४ एप्रिलला, २६ नोव्हेंबरला आणि ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून अभिवादन करतो. पुतळ्याच्या हातातले पुस्तक आपल्या ओळखीचे आहे. पण त्याआधी अनेक वर्षे त्या हातात अशिलांचे कागद होते, हे आपण फारसे सांगत नाही. घटना लिहिणारा माणूस कोणत्या कोर्टांतून आणि कोणत्या खटल्यांतून घडला, हे आज कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींना माहीत असायला हवे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. १९१३ ते १९१६ ही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सबरोबरच बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही त्यांनी नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यातल्या नोकरीत जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

एवढ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाकडे वकिलीची सनद घेण्याइतकेही पैसे नव्हते. तेही भथेना यांनीच दिले. १९२३ च्या जुलैत बाबासाहेबांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली.

इथे त्या काळची पद्धत समजून घेतली पाहिजे. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर मोठ्या व्यापाऱ्यांचे, मोठ्या रकमांचे दावे चालत. तिथे बॅरिस्टरला थेट पक्षकार घेता येत नसे, काम सॉलिसिटरमार्फतच यायचे. अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणारा सॉलिसिटर मिळणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून बाबासाहेबांनी अपिलेट साइड आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली कोर्टे धरली. तिथे पक्षकार स्वतः वकिलाकडे येऊ शकत असे. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड आणि दामोदर हॉलमध्ये कचेरी, अशी त्यांची वकिली चालली. येणारे बहुतेक लोक गरीब. फक्त वकिलीवर घर भागत नव्हते. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते.

आज पहिल्या पिढीतले आपले वकील तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये पक्षकाराची वाट पाहत बसतात, तेव्हा त्यांनी ही वर्षे आठवावीत. गुणवत्ता कमी होती म्हणून काम मिळाले नाही, असे इथे झाले नव्हते. काम ज्या वाटेने यायचे, त्या वाटेवरच जात उभी होती.

तरीही त्यांनी घेतलेले खटले पाहण्यासारखे आहेत. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती. अपिलात बाबासाहेब ब्राह्मणेतर चळवळीच्या या पुढाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणले.

१९३४ मध्ये ते र. धों. कर्वे यांच्यासाठी उभे राहिले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. सुशिक्षित समाजही ज्या विषयापासून लांब पळत होता, तो विषय बाबासाहेबांनी कोर्टात मांडला. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आपल्या भाषणांत हा खटला क्वचितच येतो, कारण आपल्याला विजय सांगायला आवडते. पण लोकांना न पटणारे बोलण्याचा हक्कही वकिलाने राखायचा असतो, हे या पराभवातून कळते.

या सगळ्यात मोठा खटला महाडचा. त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुलेही केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तिथे पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषदेसाठी जमलेले लोक तळ्यावर जायला तयार होते. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम पाळून सत्याग्रह तहकूब केला. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. एका बाजूला धर्मग्रंथाची सत्ता त्यांनी नाकारली आणि दुसऱ्या बाजूला दाव्याची लढाई तारखेनुसार चालू ठेवली.

महाडच्या कोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १९३१ मध्ये. पुढच्या अपिलातही सनातनी हरले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. पाणी घेतल्याला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.

निकालाचे कारण नीट वाचले पाहिजे. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, हे सनातन्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. अस्पृश्यता हीच बेकायदेशीर आहे, असे कोर्टाने म्हटले नव्हते. म्हणजे पुढच्या गावातल्या पुढच्या विहिरीसाठी पुन्हा नवा दावा, पुन्हा पुरावे, पुन्हा दहा वर्षे.

याच काळात ते कायद्याचे शिक्षकही होते. १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ तिथेच प्राचार्य. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यांनी १९३५ च्या ऑक्टोबरात केली, ती या सरकारी पदावर असतानाच.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. तिच्यात कोण होते? अल्लादी कृष्णस्वामी अय्यर दीर्घकाळ मद्रास प्रांताचे ॲडव्होकेट जनरल होते. क. मा. मुन्शी मुंबई हायकोर्टातले नामवंत वकील. गोपालस्वामी अय्यंगार प्रशासनातून आलेले. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव हे आयसीएस अधिकारी आणि हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेले. या सर्वांनी कायदा न्यायासनाजवळून किंवा सरकारच्या बाजूने पाहिला होता. अध्यक्ष बाबासाहेबांनी तो चळवळीतला प्रतिवादी म्हणूनही पाहिला होता. समितीतले कोणी आजारी, कोणी परदेशी, कोणी अन्य कामात, त्यामुळे मसुद्याचा मोठा भार त्यांच्यावर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेतच मान्य केले.

आता घटना महाडच्या निकालाशेजारी ठेवून वाचू. कलम १३ मध्ये कायद्याच्या व्याख्येत प्रथा आणि रूढीही येतात आणि मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारी रूढी रद्द ठरते. ती किती जुनी आहे, हा प्रश्नच उरत नाही. कलम १५ मध्ये विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. ही कलमे अनेकांच्या विचाराने आणि चर्चेने झाली, हे खरे. पण महाडच्या निकालात जी फट राहिली होती, ती या तीन कलमांनी बुजली, असे आम्हाला वाटते.

हक्क मोडल्यावर दाद कुठे मागायची, याचे उत्तर कलम ३२ मध्ये आहे. थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हा हक्क बाबासाहेबांना घटनेचा प्राण वाटत होता. कलम २२६ ने रिट काढण्याचा अधिकार सर्व हायकोर्टांना मिळाला. त्याआधी तो मुख्यतः मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन हायकोर्टांपुरता होता. प्रशासनाचे इतके तपशील घटनेत कशाला, अशी टीका झाली, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी उत्तर दिले होते. घटनेला हात न लावता नुसता कारभाराचा ढंग बदलूनही घटना पोकळ करता येते, हे त्यांनी सभेला बजावले. शिष्यवृत्ती अडकलेल्या विद्यार्थ्याला किंवा म्हणणे न ऐकता बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्याला या इशाऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी ते सुप्रीम कोर्टात उत्तर प्रदेशातल्या जमीनदारांच्या वतीने उभे राहिले. खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मांडणारा नेता आणि जमीनदारांचा वकील, हे आपल्या तरुणांना अवघड वाटेल. पण ते लपवण्यासारखे नाही. मोबदल्याशिवाय जमीन घेणे घटनेच्या गाभ्याशी विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोर्टाने तो स्वीकारला नाही. आपण घडवलेल्या घटनेचा अर्थ दुसऱ्यांकडून ऐकून घेण्याची तयारी या माणसात होती.

१९५६ मध्ये, त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. त्याच ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले.

आपल्या वस्त्यांत आज घटनेची उद्देशिका पाठ म्हणणारी मुले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अत्याचाराच्या खटल्यात तारखेला हजर राहणारे, निकालपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आणि माहितीच्या अर्जापासून रिटपर्यंत कागद नेणारे आपले लोक अजून थोडे आहेत. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक विहाराने आपल्या भागातल्या एका तरुण वकिलाला बोलवावे, त्याला वस्तीतली प्रकरणे सांगावीत आणि त्याची फी वर्गणीतून द्यावी. मिरवणुकीच्या खर्चातला थोडा भाग त्याला पुरेल.

जय भीम.