ऑटो शॉट

फ्रीडरिश ऑटो शॉट (१७ डिसेंबर १८५१ – २७ ऑगस्ट १९३५) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ, काचतंत्रज्ञ आणि उद्योजक होते. आधुनिक प्रकाशीय काचेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. काचेतील घटक बदलले की तिचे गुणधर्म कसे बदलतात, याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. त्यामुळे कारागिरांच्या अनुभवावर चालणारी काचनिर्मिती रसायनशास्त्राच्या पायावर उभी राहिली. त्यांनी सहसंस्थापक म्हणून येना येथे सुरू केलेल्या प्रयोगशाळेतून पुढे ‘शॉट’ हा काच उद्योग विकसित झाला.

जन्म व शिक्षण

शॉट यांचा जन्म वेस्टफालियातील विटेन या गावी झाला. त्यांचे वडील खिडक्यांच्या काचेच्या व्यवसायात असल्याने भट्टी, मूस आणि वितळलेली काच यांचा परिचय त्यांना लहानपणीच झाला. आखेन, व्युर्त्सबुर्ग आणि लाइप्झिग येथे त्यांनी रसायनशास्त्र व रासायनिक तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले. खिडक्यांच्या काचेच्या निर्मितीत उद्भवणाऱ्या दोषांवरील प्रबंधासाठी येना विद्यापीठाने १८७५ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली. त्यानंतर काही काळ स्पेनमध्ये काम करून ते विटेनला परतले आणि घरच्या प्रयोगशाळेत लहान मुशींमधून काचेचे नवनवे नमुने वितळवू लागले.

प्रकाशीय काचेचा प्रश्न

त्या काळी सूक्ष्मदर्शक व दुर्बिणी यांसाठी लागणारी उत्तम काच मुख्यतः इंग्लंड व फ्रान्समधील मोजक्या कारखान्यांतून येत असे. तिचे दोनच प्रमुख प्रकार होते. क्राउन काचेचा प्रणमनांक, म्हणजे प्रकाशकिरण वळवण्याची क्षमता, कमी असे आणि ती रंगही कमी विलग करी. शिसे असलेल्या फ्लिंट काचेत या दोन्ही गोष्टी अधिक असत. या दोन काचांची भिंगे जोडून प्रतिमेभोवतीची रंगीत कड बरीच कमी करता येई. पण वर्णपटाच्या सर्व भागांत दोन्ही काचा सारख्या प्रमाणात रंग विलग करीत नसल्याने काही रंगदोष उरतच असे.

येना येथील भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे हे कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी सूक्ष्मदर्शकांची रचना करीत. उत्तम भिंगे कशी असावीत याचे गणित त्यांनी मांडले होते. परंतु त्या गणिताला हवी तशी काच कोणीच बनवीत नव्हते. १८७६ मध्ये लंडन येथे भरलेल्या वैज्ञानिक उपकरणांच्या प्रदर्शनावर लिहिताना त्यांनी या उणिवेकडे लक्ष वेधले.

आबे यांच्याशी सहकार्य

मे १८७९ मध्ये शॉट यांनी आबे यांना पत्र लिहून लिथियमयुक्त काच तयार केल्याचे कळवले व तिच्या प्रकाशीय गुणांची तपासणी करण्याची विनंती केली. तपासणीत ती काच अपेक्षित उपयोगाची ठरली नाही. तरीही दोघांचा संपर्क तुटला नाही. शॉट विटेनमध्ये नमुने वितळवीत, तर आबे येनामध्ये त्यांची मोजमापे घेत. प्रत्येक निष्कर्षानुसार पुढील मिश्रण ठरे.

जुन्या काचांमध्ये वाळू, सोडा, पोटॅश, चुना, शिसे असे मोजकेच घटक असत. शॉट यांनी त्यांत बोरिक अम्ल, फॉस्फोरिक अम्ल, बेरियम अशा अनेक पदार्थांची भर घालून पाहिली. प्रणमनांक आणि रंग विलग करण्याचे प्रमाण यांचे पूर्वी न आढळणारे मेळ त्यांतून मिळू लागले. मात्र प्रत्येक नवी काच टिकाऊ नव्हती. फॉस्फेटच्या काही काचा हवेतील ओलाव्याने खराब होत, त्यामुळे त्या सोडून द्याव्या लागल्या.

येना येथील काच प्रयोगशाळा

१८८२ मध्ये शॉट येना येथे स्थायिक झाले. १८८४ मध्ये आबे, कार्ल झाइस आणि त्यांचे पुत्र रोडेरिश झाइस यांच्यासह त्यांनी ‘शॉट आणि सहकारी काचतांत्रिक प्रयोगशाळा’ स्थापन केली. या कामासाठी प्रशियाच्या सरकारने ६०,००० मार्कांचे साहाय्य दिले. १८८६ मध्ये प्रयोगशाळेची पहिली सूची प्रसिद्ध झाली. तिच्यातील ४४ काचांपैकी १९ काचांची घडण मूलतः नवी होती. त्याच वर्षी या काचा व फ्लोराइट स्फटिक वापरून झाइस कारखान्याने रंगदोष अत्यल्प असलेली अपोक्रोमॅटिक भिंगे बाजारात आणली.

प्रकाशीय काचेत योग्य मिश्रण जितके महत्त्वाचे, तितकीच एकजिनसी घडण महत्त्वाची असते. वितळलेल्या काचेतील बुडबुडे निघून जावेत आणि रेघा उरू नयेत यासाठी मुशीतील रस ढवळावा लागतो. नंतर काच अतिशय मंद गतीने निववतात. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. ती घाईने निवल्यास आत ताण राहतात आणि भिंगातून जाणारा प्रकाश विकृत होतो.

इतर संशोधन

तापमापकाच्या काचेचा दोष दूर करण्याचे कामही शॉट यांनी केले. सोडा व पोटॅश दोन्ही असलेल्या काचेचा तापमापक तापवून थंड केल्यावर त्याचा शून्यबिंदू खाली सरके. केवळ सोडा वापरून येना येथे तयार केलेल्या प्रमाण काचेत हा दोष पुष्कळ कमी झाला. बोरिक अम्लयुक्त बोरोसिलिकेट काच उष्णतेने फार कमी प्रसरण पावते, त्यामुळे ती एकाएकी तापवली किंवा थंड केली तरी सहसा तडकत नाही. प्रयोगशाळेतील भांडी आणि गॅसच्या दिव्यांच्या चिमण्या यांसाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

उद्योग व उत्तरायुष्य

आबे यांनी १८८९ मध्ये कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केले. शॉट यांनी १९१९ मध्ये काच कारखान्यातील आपला हिस्सा या प्रतिष्ठानाला दिला. परिणामी कारखाना कुटुंबाची मालमत्ता राहिला नाही. पहिल्या महायुद्धात त्यांच्या एका पुत्राचा मृत्यू झाला. कामातून निवृत्त झाल्यावर कारखान्याची धुरा दुसरे पुत्र एरिश शॉट यांच्याकडे आली. १९३५ मध्ये येना येथे शॉट यांचे निधन झाले.

वारसा

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि उद्योगाचेही दोन भाग पडले. पश्चिमेकडील शाखेने १९५२ मध्ये माइन्झ येथे नवा कारखाना सुरू केला. १९६८ मध्ये तेथे ‘झेरोडुर’ हे पारदर्शक काच-सिरॅमिक तयार झाले. काचेत स्फटिक तयार होणे हा काचकारांच्या दृष्टीने एरवी दोष असतो. येथे मात्र ते हेतुपुरस्सर घडवले जातात. लिथियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांच्या मिश्रणात टायटॅनियम व झिर्कोनियमची ऑक्साइडे घालून प्रथम साधी काच ओततात. ती निववल्यावर नियंत्रित तापमानास पुन्हा तापवतात. तेव्हा तिच्यात सुमारे ५० नॅनोमीटर आकाराचे स्फटिक वाढतात. ते दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असल्याने, तसेच त्यांचा प्रणमनांक भोवतालच्या काचेशी जुळत असल्याने पदार्थ पारदर्शक राहतो. तापवल्यावर स्फटिक आकुंचन पावतात व उरलेली काच प्रसरण पावते. त्यामुळे एकूण प्रसरण जवळजवळ शून्य होते. चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’चे ८.२ मीटर व्यासाचे आरसे याच पदार्थाचे आहेत.

शॉट यांच्या १८७९ च्या नमुन्यातील लिथियम भिंगासाठी उपयोगी ठरले नव्हते. झेरोडुरमध्ये तोच एक आवश्यक घटक आहे. येना विद्यापीठातील पदार्थविज्ञान संशोधन संस्थेला ऑटो शॉट यांचे नाव देण्यात आले आहे.