मातीतील मंडळी

सर आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. १९०५ मध्ये सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते बिहारातील पुसा येथे आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. उभयतांनी तेथे गव्हाचे सुधारित वाण तयार केले. १९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर त्यांनी इंदुरात संशोधनसंस्था उभारली.

माळव्यातील शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळी. विकतचे खत त्याला परवडत नसे. मग जमिनीचे पोट कशाने भरावे? हॉवर्डसाहेबांनी काडीकचरा, थोडे शेण, गोठ्यातील मुतारी माती व राख खड्ड्यात थरांनी घातली. तेथे प्रथम बुरशी माजते. तिने काड्या मऊ केल्या की जिवाणू झपाट्याने वाढतात. एकाचे अन्न सरले की त्याची संख्या घटते आणि त्याच्या अवशेषांवर दुसरा पोसतो. हवेसाठी तीनदा चाळवले की तीन महिन्यांत खत तयार होते. या कामी रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांची त्यांना मोलाची साथ लाभली.

१९३० मध्ये गॅब्रिएलबाई वारल्या. पुढच्याच वर्षी 'इंदूर पद्धती'चे पुस्तक निघाले व हॉवर्डसाहेब मायदेशी परतले. मुळे आणि बुरशी एकमेकांना पोसतात, हे ते १९४७ साली मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले. त्यांचे सर्वच दावे टिकले नाहीत. परंतु ही देवघेव आज सर्वमान्य आहे.

वाचकहो, अंगणातील पालापाचोळा पेटवण्यापूर्वी या जोडप्याची आठवण करा.